गुण कशानं आला?

विंचू उतरवणारा भोर-वेल्ह्याच्या डोंगरात कुणाला नवा नाही. कुणी मंत्र घालतो, कुणी मुळी उगाळून लावतो, कुणी चिंचोका घासून डंखावर चिकटवतो. रात्रभर ठणकलेला पाय पहाटे निवतो आणि उतरवणाऱ्याचं नाव आणखी दोन वाड्यांत पोचतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. पाय खरोखर निवलेला असतो, माणूस दुसऱ्या दिवशी भाताच्या खाचरात उभा असतो आणि हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी एक प्रश्न शिल्लक राहतो : गुण कशानं आला?

पुढची सगळी पानं या एका प्रश्नाभोवती फिरतात. औषध असो, लस असो, शस्त्रक्रिया असो की आशाताईची घरभेट. ती मिळाल्यानंतर माणूस बरा झाला, म्हणून तिच्यामुळेच बरा झाला का? हे ठरवण्याची सर्वांत भरवशाची रीत वैद्यकानं गेल्या पाऊणशे वर्षांत घडवली, ती म्हणजे रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल. मराठीत तिला यादृच्छिक नियंत्रित चाचणी असं भारदस्त नाव आहे, डॉक्टर मंडळी आपसात नुसतं आरसीटी म्हणतात. ही लंडन-बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयांतली गोष्ट, आपण फक्त तिचे निकाल वाचायचे, असा एक समज सुशिक्षितांतही आहे. मला उलट वाटतं. जिथं औषध तुटपुंजं, रस्ता अवघड आणि दवाखाना लांब, तिथं काय लागू पडतं आणि काय नाही हे नक्की माहीत असण्याची गरज सर्वांत जास्त. आणि ते दुसऱ्याच्या मुलखातल्या निकालावरून दर वेळी कळत नाही. याचा पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुक्यात तो सापडतो.

तिथं जाण्याआधी विंचू उतरवणाऱ्याचा हिशोब नीट मांडून पाहू. सह्याद्रीत विंचवांच्या बऱ्याच जाती आहेत. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर. त्याच्या डंखानं आग होते, ठणका लागतो, पण माणूस सहसा दगावत नाही. जीव घेतो तो आकारानं लहान असलेला लाल विंचू. त्याच्या डंखातही प्रत्येकाच्या अंगात सारखं विष जात नाही. कितीतरी जण नुसत्या ठणक्यावर सुटतात. म्हणजे विंचू चावलेल्यांपैकी बहुतेक जण काहीही केलं नाही तरी बरे होणार असतात. मंत्र घालणाऱ्याच्या खात्यावर ते सगळे यश म्हणून जमा होतात. सापाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार प्रमुख विषारी साप सोडले, तर शेताबांधावर भेटणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही चावताना दर वेळी विष सोडतोच असं नाही. पण कोणत्या चाव्यात विष गेलं हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून प्रत्येकाला दवाखान्यात न्यायलाच हवं. जो देवळापुढं नेला आणि उठून बसला त्याची गोष्ट गावभर होते. जो दगावला त्याच्याबद्दल ‘आणायला उशीर झाला’ एवढंच म्हटलं जातं. यश उपचाराचं आणि अपयश नशिबाचं, अशी वहीखात्याची रीत असेल तर तोटा कधी दिसणारच नाही.

पांढऱ्या कोटातल्या लोकांनी हे मांत्रिकाचं दुखणं म्हणून हसण्यावारी नेऊ नये. कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. तापानं फणफणलेला माणूस येतो, सुई मागतो, जमलं तर सलाईन लावून घेतो आणि दोन दिवसांत कामाला लागतो. विषाणूमुळे येणारे बहुतेक ताप तेवढ्या दिवसांत आपणहून उतरतात. गुडघेदुखीचं आणखी वेगळं. हे दुखणं कमी-जास्त होत असतं आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो ते सर्वांत जास्त झालेलं असतं तेव्हा. त्यानंतर काहीही दिलं, तेल, गोळी की नुसता धीर, तरी पुढच्या आठवड्यात ते थोडं उतरण्याचीच शक्यता अधिक. शिवाय ज्याला गुण येतो तो पुन्हा येऊन सांगतो. ज्याला येत नाही तो मुकाट्यानं दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. वीस-तीस वर्षं दवाखाना चालवलेल्या प्रामाणिक डॉक्टरचा अनुभवसुद्धा अशा रीतीनं एका बाजूला कलत जातो, आणि ते त्याच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय एकच : तुलना. हे औषध दिलं नसतं तर याच माणसाचं काय झालं असतं? एका माणसाला एकाच वेळी दोन वाटांनी नेता येत नाही, म्हणून माणसांचे दोन गट करायचे. एकाला नवा उपचार, दुसऱ्याला आजवरचा सर्वांत चांगला उपचार, आणि तसा उपचार नसलाच तर औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. मग दोन्ही गटांकडे सारखंच लक्ष द्यायचं आणि शेवटी आकडे मोजायचे. ऐकायला सोपं वाटतं. सगळी मेख आहे ती कुणी कोणत्या गटात जायचं, यात.

हे डॉक्टरनं ठरवलं तर काय होईल? तो लबाड असेल अशी शंका घ्यायची गरज नाही. त्याचं मन मऊ असणं पुरेसं आहे. समोर धापा टाकणारं पोर आहे, हातात नवं औषध आहे, तर तो ते त्याच पोराला देणार. मग नव्या औषधाच्या गटात जास्त गंभीर रुग्ण जमतील आणि चांगलं औषधही वाईट ठरेल. किंवा उलट होईल : जो सांगितलेलं ऐकतो, वेळेवर येतो, ज्याच्या घरचे शिकलेले आहेत, त्याला नवं औषध मिळेल आणि सामान्य औषधही चमत्कारी ठरेल. रुग्णानं स्वतः निवडलं तरी तेच. म्हणून निवड माणसाच्या हातून काढून घेऊन दैवावर सोपवतात. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसील कार्यालयात निघते, तेव्हा चिठ्ठी काढायला एखाद्या लहान मुलाला पुढं बोलावतात. त्याला ना भावकी कळते, ना पक्ष. चाचणीत त्या मुलाचं काम संगणकानं काढलेले आकडे आणि बंद लिफाफे करतात. पुढची चिठ्ठी कुठल्या गटाची हे रुग्णाला दाखल करून घेणाऱ्यालाही आधी कळता कामा नये, नाहीतर सोडतीला अर्थ उरत नाही. चिठ्ठीनं वाटणी झाली आणि माणसं पुरेशी असली, की वय, गरिबी, दुखण्याचं गांभीर्य, घरापासून दवाखान्याचं अंतर, आणि आपल्याला ठाऊकही नाहीत अशा शंभर गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. मग शेवटी दिसणारा फरक उपचाराचा, असं म्हणायला जागा होते.

ही रीत वैद्यकात खऱ्या अर्थानं रुजली ती क्षयरोगाच्या निमित्तानं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन फार थोडं उपलब्ध होतं. सगळ्यांना पुरणार नव्हतंच, तेव्हा चिठ्ठीनं वाटणं हाच सर्वांत न्याय्य मार्ग होता. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेल्या आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १०७ रुग्ण होते. अंथरुणावर विश्रांती हा तेव्हाचा रूढ उपचार. विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांत या रीतीनं भारतात एक मोठी समजूत मोडून काढली. क्षय झाला की थंड, कोरड्या हवेच्या ठिकाणी सॅनेटोरियममध्ये राहायचं, चांगलंचुंगलं खायचं, हा तेव्हाचा शिरस्ता होता. आपल्याकडे त्यासाठी पाचगणी-मिरजेची नावं घेतली जात. ज्याला ते परवडत नसे, तो खोलीत खोकत मरत असे. १९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९३ गरीब रुग्णांची चिठ्ठीनं विभागणी केली. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना तीच औषधं देऊन घरी, दाटीच्या वस्तीतच राहू दिलं. वर्षअखेर घरी राहिलेल्यांची प्रकृती सॅनेटोरियममधल्यांच्या तोडीस तोड सुधारली होती, आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलेलं नव्हतं. हवेपेक्षा औषध महत्त्वाचं, हे असं सिद्ध झालं. आज वेल्ह्यातल्या क्षयरोग्याला घरबसल्या गोळ्या मिळतात, त्यामागं ती मद्रासची सोडत आहे.

आता वरंधा घाट उतरू. भोरहून महाडकडे जाताना घाटाखाली बिरवाडी लागतं. १९७६ साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट पोरं काही तासांत तोंडाला फेस येऊन, धाप लागून दगावताना त्यांनी पाहिली. पुस्तकात त्यावर फारसं काही नव्हतं. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या : दरदरून घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि मग फुप्फुसात पाणी. या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. लाल विंचवाच्या विषानं शरीरात अ‍ॅड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर न पेलणारा भार येतो. हा भार उतरवायला त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं, पण ते थेंबाथेंबानं, सतत पहारा ठेवून द्यावं लागतं. खेड्यात ते जमणारं नव्हतं. मग प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं हे औषध थेट त्या वादळाच्या मुळाशी जातं. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्के होतं ते १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सावध वाचक इथं विचारेल, की प्राझोसिनची सोडत कुठं काढली होती? काढली नव्हती. शंभरातले चाळीस दगावत होते तिथं एखाददुसरा दगावू लागला, तर तो फरक निव्वळ योगायोगाचा किंवा सौम्य रुग्ण निवडल्याचा असणं अवघड असतं. एवढा ढळढळीत फरक दिसल्यावर निम्म्या पोरांना गोळी नाकारून चाचणी करणं हा अन्याय झाला असता. म्हणजे आरसीटी प्रत्येक ठिकाणी हवीच, असा हट्ट कुणी धरू नये. तिची खरी गरज पडते ती फरक मध्यम असतो, शंका दोन्ही बाजूंनी खरी असते, आणि जाणत्यांत दुमत असतं तेव्हा.

तसं दुमत विंचवाच्या प्रतिविषाबद्दल होतं. हाफकिन संस्थेनं लाल विंचवावरची लस, म्हणजे प्रतिविष, तयार केलं होतं. पण ते द्यावं का? ट्युनिशियातल्या ८२५ रुग्णांच्या चाचणीनं १९९९ साली स्पष्ट सांगितलं होतं, की विंचू चावलेल्यांना सरसकट प्रतिविष देऊन फायदा होत नाही. उलट २००९ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनात अवघ्या १५ गंभीर मुलांवर झालेल्या चाचणीत प्रतिविष मिळालेली आठही मुलं चार तासांत सावरली; ते न मिळालेल्या सातांतलं एकच. आता महाडच्या डॉक्टरनं कुणाचं ऐकायचं? ट्युनिशियाचा विंचू वेगळा, अ‍ॅरिझोनाचा वेगळा, कोकणातला वेगळा. विष वेगळं, प्रतिविष वेगळं, चाचणीत घेतलेले रुग्णही वेगळे : ट्युनिशियात सौम्य आणि गंभीर सगळे, अमेरिकेत फक्त गंभीर.

हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ही शंका स्वतःच्या महाडच्या रुग्णालयात सोडवली. त्यांची चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. विष अंगात भिनल्याची लक्षणं दिसू लागलेले, पण फुप्फुसात पाणी होण्याच्या टप्प्यावर अजून न पोचलेले ७० रुग्ण निवडले. ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. इथं एक गोष्ट बारकाईनं पाहण्यासारखी आहे : तुलनेच्या गटातला एकही माणूस बिनउपचाराचा ठेवलेला नाही. आजवरचं सर्वांत चांगलं औषध दोघांनाही. फरक फक्त शंका असलेल्या गोष्टीचा. दहा तासांत लक्षणं पूर्ण ओसरली ती पहिल्या गटात ३२ जणांची, दुसऱ्यात ८ जणांची. बरं व्हायला लागणारा सरासरी वेळ ८ तास विरुद्ध १७.७ तास.

निकाल वाचायचा कसा, याचा धडाही याच चाचणीत आहे. दुखणं बळावून पुढच्या गंभीर टप्प्यावर गेलेले रुग्ण पहिल्या गटात ४ होते आणि दुसऱ्यात ५. म्हणजे प्रतिविषामुळे माणूस लवकर सावरतो असं म्हणता येतं. गंभीर होण्यापासून वाचतो असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ७० माणसांत मृत्यूचा फरक कळणं तर शक्यच नाही, कारण प्राझोसिननं मृत्यू आधीच दुर्मिळ करून ठेवलेत. शिवाय कुणाला काय दिलं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं, हीही एक मर्यादा, आणि लेखकांनी ती शीर्षकातच उघडपणे लिहिली आहे. चांगली चाचणी आपलं म्हणणं किती ताणायचं हेही सांगते. वर्तमानपत्रातली ‘रामबाण औषध सापडलं’ ही बातमी ते सांगत नाही.

जागा बदलली की उत्तर बदलतं, याचं सर्वांत कडू उदाहरण बीसीजीचं. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांत या लशीनं क्षयापासून सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं. तीच लस घेऊन तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ पासून सुमारे २ लाख ६० हजार लोकांवर फार मोठी चाचणी झाली, आणि मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध संरक्षण जवळपास शून्य निघालं. लहान बाळांना क्षयाच्या जीवघेण्या प्रकारांपासून ती वाचवते म्हणून आजही टोचली जाते, पण तिच्यावर विसंबून क्षय हटेल ही आशा तिथं संपली. उलट रोटाव्हॅक या जुलाबावरच्या लशीची परीक्षा सुरुवातीपासून इथल्याच बाळांत झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं वढू इथलं केंद्र अशा तीन ठिकाणच्या ६,७९९ बाळांत ती तपासली गेली. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून संरक्षण मिळालं ५३.६ टक्के. श्रीमंत देशांत अशा लशींचे आकडे याहून चढे असतात. पण आपल्याला वापरायचा होता तो आपला आकडा, आणि ज्या देशात जुलाबानं इतकी बाळं दगावतात तिथं निम्मं संरक्षणसुद्धा मोठं असतं.

आतापर्यंत बोललो ते एकेका रुग्णाच्या सोडतीबद्दल. आरोग्यसेवेचे अनेक प्रश्न असे असतात की तिथं वाडीच्या वाडी एका गटात घालावी लागते. समजा, आशाताईनं दर महिन्याला घरी जाऊन रक्तदाब मोजला आणि गोळ्यांची आठवण दिली, तर भोर-वेल्ह्यात पक्षाघात कमी होतील का, हे तपासायचं आहे. एका घरी ती जाणार, शेजारच्या घरी नाही, असं होऊ शकत नाही. नळावर बायका बोलणार, शेजारीणही मोजून घेणार. तेव्हा चिठ्ठी उपकेंद्राच्या नावानं निघते. पण मग आकड्यांचं गणित बदलतं, कारण एका उपकेंद्राखालची माणसं एकमेकांसारखी असतात. पाच हजार माणसं घेतली तरी चिठ्ठ्या वीसच, आणि बळ मुख्यतः त्या विसांचंच. त्यात आपला भूगोल. भाटघर आणि पानशेतच्या पाण्यापलीकडच्या वस्त्या, धनगरवाडे, कातकरी पाडे, पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवावा लागणारा घाट, पुण्या-मुंबईला कामाला जाणारी तरणी माणसं. वर्षानं मोजायला गेलं तर चौथा हिस्सा घरी नसायचा. जे सापडले तेवढ्यांचाच हिशोब केला तर सोडतीनं मिळवलेली समानता हातची जाते, म्हणून ज्याची चिठ्ठी ज्या गटात निघाली त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं, गोळ्या घेतल्या असोत वा नसोत, हा नियम. नव्या माणसाला तो विचित्र वाटतो, पण प्रत्यक्षात लोक जसे वागतात ते धरून औषधाचं मोल त्यातून कळतं.

गावागावांच्या तुलनेची ठळक वाट महाराष्ट्रात गडचिरोलीनं घालून दिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्याच स्त्रीला नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं आणि ४७ गावांशी तुलना केली. काम झालेल्या गावांत नवजात बालमृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ पर्यंत उतरलं. १९९९ साली ते प्रसिद्ध झालं. गावांची वाटणी सोडतीनं झाली नव्हती, म्हणून शंका घ्यायला वाव होता. ती शंका पुढं बांगलादेशात सिल्हेटला सोडतीनं विभागलेल्या वस्त्यांत तपासली गेली; परिणाम गडचिरोलीइतका मोठा नसला तरी मृत्यू स्पष्टपणे घटले. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा २०११ पासून देशाचा कार्यक्रम आहे. राजगड असं नवं नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यातली आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ज्या घराची पायरी चढते, तिच्या पिशवीतला वजनकाटा आणि थर्मामीटर या अशाच मोजमापांतून तिथवर पोचले आहेत.

आता सर्वांत नाजूक भाग. ‘आमच्यावर प्रयोग करणार का?’ हा सवाल गावात उठतो आणि तो रास्त आहे. त्याला गप्प बसवणारं उत्तर कुणाकडेही नसावं. जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. ५२ विभागांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या होत्या. आठ वर्षांनी दिसलं, की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले : तपासणी न झालेल्या गटात ६४, एचपीव्ही गटात ३४. निकालाचा उपयोग जगभर झाला. पण त्या ६४ स्त्रियांचं काय? तपासणी उपयोगी असते हे बाहेरच्या देशांत ठाऊक असताना एका गटाला ती का दिली नाही, यावर तीव्र वाद झाला. बाजू मांडणारे म्हणाले, की त्या जिल्ह्यात तेव्हा कुणालाच तपासणी मिळत नव्हती आणि कोणती पद्धत इथं चालेल हे खरंच माहीत नव्हतं. विरोधक म्हणाले, की गरिबाला काहीच मिळत नाही ही परिस्थिती संशोधकानं आपल्या सोयीचं माप म्हणून वापरू नये. मला दुसऱ्या म्हणण्याचं वजन अधिक वाटतं. महाडच्या चाचणीत तुलनेच्या गटालाही प्राझोसिन मिळालं होतं, आणि म्हणूनच तिच्याकडे निर्धास्तपणे बोट दाखवता येतं.

कायद्यानं बरंच काही बांधून दिलं आहे. चाचणी सुरू होण्याआधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद करावी लागते. २००७ साली सुरू झालेली ही नोंद २००९ पासून सक्तीची आहे. काय मोजणार हे आधीच लिहून ठेवलं, की मागाहून सोयीचा आकडा निवडता येत नाही आणि नको असलेला निकाल गुपचूप पुरता येत नाही. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची परवानगी, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई बंधनकारक आहे. वाचता न येणाऱ्याच्या संमतीला तटस्थ साक्षीदार लागतो. पण ‘डॉक्टरसाहेब म्हणतील तसं’ म्हणून अंगठा उठवणाऱ्या माणसाची संमती कागदावर पुरी आणि मनात अपुरी असते. आपल्या उपचाराची निवड चिठ्ठीनं होणार आहे, नको असेल तर नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटलं तरी नेहमीच्या उपचारात फरक पडणार नाही, हे त्याला त्याच्या बोलीत समजेपर्यंत संमती झाली असं मानू नये. चाचणी संपल्यावर गावात परत येऊन निकाल सांगणंही त्याच संमतीचा भाग. ते बहुधा राहून जातं.

शेवटी, चाचणीकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. प्रतिविषानं माणूस लवकर सावरतो हे महाडनं दाखवलं. पण ते प्रतिविष आषाढात उपकेंद्रावर आहे का, १०८ची गाडी वाडीपर्यंत चढते का, रात्री डॉक्टर हजर आहे का, हे कुठलीही सोडत ठरवत नाही. ते मागून, भांडून, अंदाजपत्रकातून मिळवावं लागतं. मागणीला धार येते ती मात्र पुराव्यानं. जे लागू पडतं हे सिद्ध झालं आहे तेच आम्हाला हवं, आणि जे सिद्ध झालेलं नाही त्यावर आमचे पैसे घालवू नका, असं ग्रामसभेत ठणकावून म्हणता आलं पाहिजे.

त्यासाठी वाचकानं संख्याशास्त्राचा पंडित व्हायची गरज नाही. एखादं औषध, यंत्र, काढा किंवा योजना गुणकारी आहे असं कुणीही सांगितलं, मग तो मांत्रिक असो, कंपनीचा प्रतिनिधी असो की नावाजलेला डॉक्टर, तर त्याला विचारावं : कशाशी तुलना केली? कुणाला काय मिळणार हे कुणी ठरवलं? आमच्यासारखी माणसं त्यात होती का? जे मधेच निघून गेले त्यांना कुठं मोजलं? पुढची प्रकरणं या चार प्रश्नांची उत्तरं कशी तपासायची हे दाखवतात. प्रश्न विचारायला मात्र पुस्तक संपण्याची वाट पाहू नये. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हाच सुरुवात करावी.